एकच बोट

आमच्या लहान मुलांच्या वॉर्डात दुखणं बोटांनी विचारतात. दुखत नसेल तर बंद मूठ, अजिबात सहन होत नसेल तर पाचही बोटं.

आमगावकडची रविता सिकलसेलच्या दुखण्यानं पाय पोटाशी घेऊन पडली होती. "किती दुखतं गं?" मी विचारलं. तिनं उशाशी बसलेल्या आईकडे, रुक्माबाईंकडे पाहिलं आणि एकच बोट वर केलं.

"मी चहा पिऊन येतो, सिस्टर," म्हणत रुक्माबाई उठल्या. त्या दाराबाहेर गेल्या तशी रवितानं पाचही बोटं उघडली. मग दुसऱ्या हाताचीही.

"मायले नोका सांगू, सिस्टर. लय रडते."

इंजेक्शन नुकतंच दिलं होतं, पुढचं इतक्यात देता येत नव्हतं. गरम पाण्याची पिशवी तिच्या गुडघ्यांवर ठेवली आणि थोडा वेळ नुसती हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

बाहेर आले तर रुक्माबाई भिंतीला टेकून उभ्या.

"किती बोटं दाखवली?"

"दोन."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"काऊन खोटं बोलून राहिल्या, सिस्टर? माह्यासमोर पोरगी दुखणं गिळते. तुमच्यापाशी तरी खरं सांगन, म्हणून तं मी घडीघडी उठून येतो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत जायला वळल्या.

"चहा तं मी पेतच नाही."