स्क्रूवरचे लाल ठिपके

पुन्हा तोच पत्ता! मोबाइलवर आलेली तक्रार मेकॅनिकने दोनदा वाचली.

"त्या घरचं वॉशिंग मशीन आणखी एकदा बंद पडलं, तर तू घरी बस," असं साहेबांनी मागच्याच खेपेला ठणकावलं होतं. एकच मशीन, एकच मेकॅनिक आणि तक्रारीवर तक्रार. कंपनीच्या लेखी याचा अर्थ सरळ होता, की माणसाला काम येत नाही. आणि घरी बसायचं म्हणजे काय, गंमत आहे? बायकोचे दिवस भरत आले होते.

बरं, बिघाड तरी केवढा? मागचं झाकण उघडावं, तर आत पंपाची वायर निसटलेली. घट्ट बसवावी, की मशीन झकास चालू. थोडे दिवस बरे जातात, की परत आहेच येरे माझ्या मागल्या. बसवलेली वायर आपोआप निघते कशी? विचार करकरून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

संशय मात्र एकावरच होता. त्या घरच्या काकांवर.

काकांचं स्वतःचं दुकान होतं, पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन विकायचं आणि दुरुस्त करायचं. सगळं गाव ऑनलाइन मागवायला लागलं आणि दुकानाला कुलूप लागलं. पहिल्याच भेटीत काकू म्हणाल्या होत्या, "तेव्हापासून हे दिवस दिवस तोंड उघडत नाहीत हो." मेकॅनिकला हसूच आलं होतं. हा माणूस तोंड मिटतो तरी कधी? आणि अशा माणसाच्या घरात ऑनलाइन मागवलेलं मशीन! राग कुठेतरी निघणारच.

म्हणून मागच्या खेपेला त्याने युक्ती केली. झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपेंटचा एकेक लाल ठिपका दिला. त्यांच्या धंद्यातली ही रीतच. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटतो. ठिपका फुटला की वॉरंटी रद्द, आणि मेकॅनिक सुटला. टॉर्च धरून उभ्या असलेल्या काकू तेव्हा खुदकन हसल्या होत्या. "अगंबाई, मशीनला नटवताय की काय?"

आज दार काकूंनीच उघडलं. "या, या. अहो, आले बरं का ते!"

काका तरातरा बाहेर आले, मशीनशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांची टकळी सुरू झाली. "तरी मी सांगत होतो! माझ्या दुकानातलं मशीन बिघडलं, तर मी भरल्या ताटावरून उठून धावायचो. आणि तुमची ती कंपनी! फोन लावला की आधी गाणं ऐका, मग एक दाबा, मग दोन दाबा. अरे, पण माणूस कुठाय?"

"मग ऑनलाइन मागवलंत कशाला, काका?"

"मी? हिने मागवलं. मला विचारतंय कोण!"

"मागवलं तर मागवलं," काकू म्हणाल्या. "वॉरंटी असेपर्यंत घरी माणूस तरी येतो. दुकानातून आणलं असतं, तर तुम्हीच दुरुस्त करून मोकळे झाला असता."

मेकॅनिकने मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागे वाकून पाहिलं. वरचे ठिपके शाबूत. खालचेही शाबूत. सगळे कसे लाल, गोल, तुळतुळीत. घाईगडबडीत आपण इतके नीटस दिले होते, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याने झाकण काढलं. आत वायर लोंबत होती.

त्याला काही सुधरेना. झाकण कुणी उघडलेलं नाही, आणि वायर तर निघालेली. आत काय भूत बसलंय? काकूंनी न सांगता टॉर्चचा झोत नेमका पंपावर टाकला.

"बघ, कशी बरोबर धरते," काका कौतुकाने म्हणाले. "दुकानात जन्मभर माझ्या शेजारी उभी होती ती."

"काका, राग मानू नका. पण हे झाकण तुम्ही उघडलं होतं का?"

काका ताडकन उभे राहिले. "वॉरंटीतल्या मशीनला मी हात लावीन? अरे, धंदा केलाय मी, इमानाने! आणि तुझे ठिपके जागच्या जागी आहेत की. बघ ना डोळे उघडून!"

कप्पाळ! त्याने वायर बसवली, झाकण लावलं आणि हत्यारं पिशवीत भरली.

"आता पुढच्या वेळी दुसरा कुणीतरी येईल," तो म्हणाला. "या मशीनपायी माझी नोकरी गेली, काका. घरात पाळणा हलायची वेळ, आणि मी..." साहेबांनी काय दम दिला होता, तेही त्याने सांगितलं.

काका मटकन स्टुलावर बसले. एवढा बोलघेवडा माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काकूंनी टॉर्च विझवला आणि त्या आत निघून गेल्या.

मेकॅनिक जिना उतरला. स्कूटरला किल्ली लावतो न लावतो तोच मागून हाक आली, "अहो, थांबा जरा!"

काकू अनवाणीच धावत आल्या होत्या. त्यांना धाप लागली होती आणि डोळे भरून आले होते. त्यांनी त्याचा हात धरला, तळव्यावर एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक इवलीशी बाटली.

"हे दाखवा तुमच्या साहेबांना. वॉरंटी रद्द करा म्हणावं, पण तुमच्या पोटावर पाय नको. यांना मात्र सांगू नका. तुम्ही आलात की केवढं बोलतात हो ते!"

मेकॅनिक आ वासून त्या बाटलीकडे बघत राहिला.

"तुमच्यासारखा लाल गावातल्या एकाही दुकानात मिळेना," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "शेवटी ऑनलाइनच मागवला."