मोठ्यांनी मध्ये पडू नये

तपासनीस बाई दहा वीसला आल्या, आणि आपण तपासनीस नाहीच अशा चेहऱ्याने आल्या.

"नातीसाठी शाळा बघायची होती," त्या दारातूनच म्हणाल्या. "आधी जरा बसू का? जिना फार उंच आहे हो तुमचा."

"बसा की! चौकशीला हल्ली आज्याच येतात," मोठ्या बाई म्हणाल्या आणि शेजारी उभ्या मदतनीस मावशींकडे बघून त्यांनी एक डोळा बारीक केला.

बालवाडी मोठ्या बाईंची. एकोणीस वर्षं त्यांनी ती पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. गेल्या वर्षी मात्र सामाजिक आणि भावनिक विकासाच्या तपासणीत चार गुण कमी पडले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'मुले परस्परांस चावतात. रडणाऱ्याकडे करमणूक म्हणून पाहतात.' यंदाही कमी पडले तर दाराला कुलूप.

तपासणीचे नियम पत्रात आले होते. तपासनीस अनोळखी पाहुणा म्हणून येईल. ओळख सांगणार नाही. मुलांसमोर त्याला अचानक त्रास होईल आणि मुलं काय करतात ते तीन मिनिटं पाहिलं जाईल. तेवढा वेळ मोठ्यांनी मध्ये पडू नये, पडल्यास शून्य गुण. तारीख गुप्त होती. म्हणजे पलीकडच्या बालवाडीच्या बाईंनी ती सकाळी फोनवरून सांगितली.

"माझ्याकडे काल झालं. आज तुझी पाळी, दहा-साडेदहाला. पोरांची नाकं तेवढी पुसून ठेव."

नाकं पुसलेली होती. तीन आठवडे तालीम झाली होती. मावशी रोज चार वेळा जमिनीवर पडत होत्या आणि मुलं रोज चार वेळा हळवी होत होती. मावशींची कंबर गेली, पण मुलं तयार झाली.

तपासनीस बाईंनी पाणी मागितलं. अर्धा पेला पिऊन त्यांनी पदराने कपाळ टिपलं.

"घामसुद्धा आणलाय," मोठ्या बाई कुजबुजल्या. "याला म्हणतात काम. नाहीतर तुम्ही! पडायच्या आधी चटई अंथरायच्या."

"माझी हाडं सरकारी नाहीत," मावशी म्हणाल्या.

मुलांच्या खोलीत बारा मुलं ठोकळे रचत होती. तपासनीस बाई दाराशी उभ्या राहून हसल्या. "किती शांत आहेत हो. आमचं कार्टं घर डोक्यावर घेतं." एवढं बोलून त्यांनी चौकट धरली, मग छाती धरली, मग खाली बसल्या आणि बसल्या जागी आडव्या झाल्या.

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा एकतीस.

बारा ठोकळे एकाच वेळी खाली ठेवले गेले. मुलं उठली. कुणी धावलं नाही, कुणी ढकललं नाही. ढब्बू पुढे झाला, गुडघ्यांवर बसला.

"आजी, तुम्हाला दुखतंय का? मला वाईट वाटतंय."

तो उठला. त्याच्या जागी दोन वेण्यांवाली आली. तिने हात हातात घेतला आणि मनातल्या मनात पाचापर्यंत मोजून सोडला. तिसऱ्याने रुमाल दिला. चौथीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिच्या डोळ्यांत हवं तेव्हा येई, म्हणून तर ते काम तिच्याकडे होतं. आवाज कुणाचाच चढला नाही. प्रत्येकाचं झालं की तो भिंतीशी जाऊन उभा राही आणि मोठ्या बाईंकडे बघे.

मोठ्या बाई बोटांवर गुण मोजत होत्या. सहानुभूती, सहकार्य, आपली पाळी येईपर्यंत थांबणं.

"डॉक्टर..." तपासनीस बाई जमिनीवरून म्हणाल्या. "अहो, कुणीतरी..."

"मदत मागणाऱ्याचं ऐकणं, तीन गुण," मोठ्या बाई पुटपुटल्या.

शेवटच्या दोघांचं काम तेच होतं. ते दाराशी आले आणि एका सुरात म्हणाले, "बाई, या ना. आजींना बरं नाहीये. बाई, या ना."

मोठ्या बाई हलल्या नाहीत. मावशींचा पाय तेवढा पुढे पडला.

"मावशी! शून्य!"

पाय मागे आला.

"बाई, या ना," मुलं म्हणाली. कुणीच गेलं नाही तेव्हा तीही भिंतीशी जाऊन उभी राहिली. बारा चेहरे, बारा हाताच्या घड्या. जमिनीवरूनही आता आवाज येईना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटाच काय तो टकटकत होता.

"हात गार होता आजींचा," दोन वेण्यांवाली म्हणाली. हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"निरीक्षणशक्ती," मोठ्या बाई हरखून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. बालवाडी वाचली होती.

दहा चौतीसला त्यांनी टाळी वाजवली. "झाली हो तीन मिनिटं! उठा आता. काय पडलात तुम्ही, वा! चहा घेणार ना?"

जिन्यावर पावलं वाजली. एक चष्मेवाला तरुण धापा टाकत वर आला. त्याने मोठ्या बाईंना हळूच बाजूला घेतलं, खिशातलं ओळखपत्र तळहाताआड धरून दाखवलं आणि कानाशी येऊन म्हणाला,

"उशीर झाला, माफ करा. म्हणून नियम मोडून ओळख सांगतोय. मुलांना काही सांगितलेलं नाही ना? कारण आता मी आत जाऊन पडणार आहे."