सुरुवात

सकाळपासून श्रियाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आज वर्तकनगरच्या तिच्या शाळेशी व्हिडिओ कॉलवर बोलणार होत्या आणि पहिला प्रश्न तिचा होता. पडद्यावर आजी दिसल्या आणि वर्गात एकच गलका झाला. ऋजुता मॅडम भाषांतर करू लागल्या.

"आजी, तुमचा सगळ्यात भयंकर दिवस कोणता?" श्रियाने एका दमात विचारलं.

"माझी जिवलग मैत्रीण वर्गात माझ्या शेजारून उठून गेली, तो," आजी म्हणाल्या. "छावणी त्यानंतर काही वर्षांनी आली."

श्रियाने दप्तर उचललं आणि ती शेवटच्या बाकापाशी गेली. महिनाभर तिथे एकटीच बसणाऱ्या हुमैराला म्हणाली, "सरक ना गं जरा."