आठव्या दिवशी

"लस घेतली अन् आठव्या दिवशी पोरगी गेली. ह्ये बघा, सिस्टर." तातेरावांनी मोबाइल पुढे धरला.

संध्याने पाहिलं नाही. साखऱ्यातल्या प्रत्येक घरात तिला तो व्हिडिओ दाखवला जात होता. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्याला हार, खाली लाल अक्षरांत प्रश्न : 'सरकार मुलींवर प्रयोग करतंय का?' व्हिडिओ येण्याआधी गावातल्या एकवीस घरांनी लसीला होकार दिला होता. आता चारच उरली होती. त्यात सिस्टर नवीन, महिन्यापूर्वीच वसमतकडून बदलून आलेली. तिच्या शब्दाला वजन नव्हतं.

"बाबा, ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते. तुमच्या घरात तो येऊन गेलाय."

तातेरावांची सून पुनम दारात आली. सासूचे शेवटचे चार महिने तिनेच काढले होते.

"मामा, सिस्टर बराबर बोलून राहिल्या. आपल्या पोरीला, आकांक्षाला देऊ."

"तू चुप बस. उद्या तुझ्या दारात कॅमेरे आले म्हंजे कळंल."

"त्या मुलीला साप चावला होता," संध्या म्हणाली. "हळदीच्या रानात, सकाळी सव्वासातला. उजव्या घोट्याच्या वर. घोणस होती. दुपारी दीडला ती गेली."

"बातमीत कुठंय साप?"

"बातमीवाल्यांनी विचारलंच नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट आहे."

"सरकारची लस, सरकारचाच कागद!" तातेराव हसले. "तुमाला येवढं काय म्हाईत? तुमी व्हत्या का तिथं?"

"दवाखान्यात होते."

"म्हंजे डूटीवर. तुमी बी सरकारच्याच की."

संध्याने पेनाचं टोपण लावलं. परत काढलं.

"मला येक सांगा," तातेराव पुढे सरकले, "साप चावला म्हन्ता, मंग तिची माय काहून गप हाय? माझ्या नातीचं असं खोटं दाखवलं असतं, तर म्या गाव डोक्यावर घेतलं असतं."

"बोलवत नसंल तिला," पुनम हळूच म्हणाली.

"बोलवत नसंल! येऊ दे तिला या ओट्यावर. तिनं सोताच्या तोंडानं सांगावं, पोरीला साप चावला, लसीनं न्हाई गेली. त्याच टायमाला सही करतो."

"नक्की?"

"जबान हाय आपली. ही पुनम साक्षीला."

संध्याने संमतीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर पेन ठेवला.

"करा सही, बाबा," ती म्हणाली. "तिच्या आईनं आत्ताच सांगितलं तुम्हाला."