कव्हरवरची रांग

बशीत चमचा खणकन वाजला आणि तिघांनीही मान वर करून सत्यशीलाकडे पाहिलं. चटईवर पांढरा पंचा अंथरला होता, पंच्यावर मुंबईहून पार्सलने आलेली व्हिडिओ कॅसेट होती, आणि तिच्याभोवती तिघे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसारखे बसले होते.

"चहा तिकडं ठेव," तिचा नवरा गुलाब म्हणाला. "कव्हरवर थेंब पडला म्हणजे?"

तिने चहा तिकडे ठेवला.

गुलाब वरोऱ्याच्या पोस्टात कारकून होता. जुन्या सिनेमांच्या कॅसेटी जमवायचा. काचेच्या कपाटात एकवीस उभ्या होत्या, एकीचंही सील फोडलेलं नव्हतं. घरात व्हीसीआर नव्हताच. टीव्ही होता तोही साधा, काळा-पांढरा. दर रविवारी त्याचे दोन दोस्त यायचे, त्यांनाही हाच नाद. नानाजी, टॉकीजमध्ये तीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवून रिटायर झालेले, आणि लटारू, सिनेमाचे बोर्ड रंगवणारा.

तासभर कव्हराची चिरफाड चालली. नानाजींना अक्षरं पसंत नव्हती; मूळच्या पोस्टरवर ती तिरपी होती म्हणे. पुठ्ठा पातळ होता. कडेवरचं नाव उलटं छापलेलं, म्हणजे कपाटात ठेवली की मान वाकडी करून वाचायची. लटारूला हिरॉइनचं नाक खटकत होतं.

"अन् रंग पाहा," तो म्हणाला. "लग्नाच्या मांडवावानी. सारे खोटे."

"तुह्या बोर्डावरचे खरे राहतात का?" नानाजींनी विचारलं.

"मी पोटासाठी करतो, भाऊ. हे तं जुनी वस्तू म्हणून विकून राह्यले."

सत्यशीला दाराशी उभी होती. तिला नाकाशी काही देणंघेणं नव्हतं. या माणसांना एका पुठ्ठ्यात एवढ्या खोडी सापडतात कशा, हेच तिला कळत नव्हतं. कव्हराच्या तळाशी, हिरोच्या पायांजवळ, बोटाच्या पेराएवढ्या बायांची रांग फेर धरून होती. लाल, पिवळी, निळी लुगडी. डावीकडून चौथं हिरवं. तिची नजर तिथून हलत नव्हती.

हा सिनेमा धानोऱ्याच्या जंगलात, तिच्या माहेरगावाजवळ काढला होता. नाचायला गावातल्याच नऊ बाया उभ्या केल्या. त्यात तिची आई होती, बायनाबाई. पुढच्या वर्षी सत्यशीला जन्मली, आणि ती एकवीस दिवसांची असताना आई गेली. फोटो एकही नाही. बाप, लहानू, होता तोवर एवढंच सांगायचा, "हिरव्या लुगड्यातली तुही आई. हिरवं तिचं एकटीचंच होतं. मीच आणलं होतं चांद्याच्या बाजारातून."

दोस्त गेल्यावर तिने पुन्हा विषय काढला. एकडाव लावून पाहू.

"सील फोडलं की वस्तू मेली," गुलाब म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. सहा महिने पत्रं लिहून त्याने ही कॅसेट मिळवली होती. "तुह्यासाठीच तं मागवली. कपाटात राहील ना डोळ्यापुढं."

"डोळ्यापुढं पुठ्ठा राहील. मले आई पाहाची आहे."

"व्हीसीआर घेऊ तेव्हा पाहू."

"आई माही, अन् सील तुमचं?"

त्याने पंचा झटकून घडी घातली आणि कपाटाला किल्ली लावली. किल्ली कुठे ठेवतो हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी भाड्याने व्हीसीआर आणला, तिला बोलावलंही. पण त्यांचा टीव्हीही काळा-पांढरा. त्यात हिरवं कसं ओळखायचं? तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि रात्रभर भिंतीपलीकडली गाणी ऐकत चरफडत पडून राहिली. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही होते ते खाणीच्या क्वार्टरात, ओळखीच्या सुगंधाबाईकडे. आणि सुगंधाबाई गेली होती माहेरी. सत्यशीलाने बारा दिवस वाट पाहिली.

तेराव्या दिवशी गुलाब पोस्टात गेल्यावर तिने कॅसेट भाजीच्या पिशवीत घातली आणि पाच वर्षांच्या लेकीचा, गुणाचा, हात धरून निघाली. वाटभर पोरीने भंडावून सोडलं. आजी आपल्याशी बोलंल का? नाही, नाचंल. मग घरी येईल का?

सुगंधाबाईने सगळं ऐकून घेतलं. आधी दिराच्या लग्नाची कॅसेट लावून तिने आपला टीव्ही दाखवला. "माह्या टीव्हीत मेंदी चढली का नाई चढली, तेही समजते," ती म्हणाली. खरंच, हळद हळदीसारखी होती आणि पडद्यावरच्या शालूचा हिरवा तर झोंबत होता. सत्यशीलाला हायसं वाटलं.

तिने अंगठ्याच्या नखाने सील फोडलं. प्लास्टिक चरचरत फाटलं. संध्याकाळी घरात काय होईल ते तिला ठाऊक होतं. होऊ दे, म्हणाली.

सुगंधाबाईने कॅसेट पुढे पळवली. पळत्या चित्रात नुसत्या रेघा दिसत होत्या. मग मोहाची झाडं आली, ढोल आला, आणि नऊ बाया हातात हात घालून समोर उभ्या राहिल्या. सुगंधाबाईने रंगाचं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. उलटं फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हात काढून घेतला.

"टीव्ही बरा आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "पिक्चरच तसा आहे. पयले तसेच राहत."

नऊ करडी लुगडी गोल गोल फिरत होती. गुणा सरकत सरकत पडद्याला जाऊन चिकटली आणि एकेकीच्या चेहऱ्यावर बोट ठेवत मागे वळली.

"आई, यातली आजी कोणती?"