तात्यांचा प्रश्न

सिंधूच्या धाकट्या नणंदेचं गावातच लग्न झालं, त्या वर्षी सिंधूची मुलगी प्रांजल बारावीला होती. विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तरच ती पुढे शिकणार होती. तिचे आजोबा, तात्या, खाटेवरून साहेब होऊन मुलाखतीची तयारी करून घेत आणि दरवेळी विचारत, "शिकून आम्हाला विसरशील का गं?"

मुलाखतीला प्रांजल आतल्या खोलीत मोबाइलसमोर बसली आणि ओसरीवर तात्यांचा श्वास थांबला. निरोप मिळताच नणंद धावली. बाप गेल्यावर लेकीने गल्लीपासूनच गळा काढायची रीत. सिंधू तिला आडवी गेली. "वन्सं, पोरीचं होऊ द्या. मग रडा." नणंद तोंडात पदर कोंबून भिंतीशी बसली.

दार उघडलं. "तात्या, त्यांनी तुमचाच प्रश्न विचारला," प्रांजल हसत म्हणाली. नणंदेच्या तोंडातला पदर सुटला.