रुख्मावहिनीचं कोपर

काढला: रामलालजींचा.
आले: रामलालजी आणि बैल.

नागपूरहून फोटोंचं पाकीट आलं की ते गोवर्धनच्या घरी उघडायचं नाही, असा गोरेगाव या खेड्यात नियमच झाला होता. ते रामलालजींच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर उघडायचं, म्हणजे सगळ्यांना हसता येतं.

मागच्या खेपेला हसं झालं ते खुद्द रामलालजींचं. गोवर्धनने त्यांचा फोटो काढला, मग डब्बा कॅमेऱ्याची चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायला विसरला, आणि तिच्यावरच पोळ्याचा बैल काढला. पाकिटातून शिंगवाले रामलालजी निघाले. त्यांच्या कोटातून बैलाच्या बरगड्या दिसत होत्या आणि बैलाच्या वशिंडातून त्यांची टोपी. दोघेही धुक्याचे केल्यासारखे.

"मैं बैल में हूँ, या बैल मुझमें?" एवढंच रामलालजींनी विचारलं, आणि फोटो गल्ल्यामागच्या भिंतीला लावून टाकला.

काढला: मारुतीच्या देवळाचा.
आला: अंगठा.

काढला: मास्तर आणि मुलांचा.
आली: पोटं. मास्तरांचं मधोमध.

काढला: रुख्मावहिनीचा, मंडईत.

तिची उभं राहायची इच्छा नव्हती. नवरा, म्हणजे गोवर्धनचा थोरला भाऊ बकाराम, बेचाळीसच्या ऑगस्टात तारा कापून फरार झाला होता आणि चिचगडच्या जंगलात लपला होता. अशात बाई दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत फोटो काढून घेते, हे लोकांना कसं दिसेल? गोवर्धन म्हणाला, दादाला पाठवू. मग ती बांगड्यांच्या दुकानापुढे उभी राहिली. हसलीसुद्धा.

आलं: कोपर.

वहिनीचं कोपर आणि बांगड्या, बस. बाकी सगळा फोटो मागच्या पानठेल्याचा. ठेल्याच्या बाकावर ठाणेदार बसलेला, त्याच्या बाजूला दुधराम. ठाणेदाराचा हात दुधरामच्या खांद्यावर.

ओट्यावर कुणी हसलं नाही.

दुधराम गोवर्धनचा लहानपणापासूनचा दोस्त. जंगलात बकारामला तांदूळ, मीठ आणि निरोप तोच पोचवायचा. मधल्या काळात पोलिस बकारामच्या जागेवर दोनदा येऊन धडकले होते, आणि तो थोडक्यात निसटला होता. तेव्हापासून तो आपली जागा कुणाला कळू देत नव्हता. आता तो तापाने पडला होता. नवी जागा मोहफुलं विकायला येणाऱ्या मंगलीने रुख्माच्या कानात सांगितली होती, दुसऱ्या कुणाच्या नाही. पण मंगली येणार पुढच्या बाजाराला. गोवर्धन गावाबाहेर पडला की शिपाई मागे लागायचा. औषध आणि घोंगडी घेऊन दुधरामच निघणार होता. रुख्माने त्याला जागा सांगायची तेवढी राहिली होती.

फोटो हातोहात फिरत दुधरामकडे आला. त्याने तो जवळ धरला, लांब धरला, आणि सगळ्यांत आधी तोच हसला.

"काऊन गा गोवर्धन, चावी फिरवली होती का?"



मग दुधरामने सगळं नीट समजावून सांगितलं. मंडईत सकाळी तो त्याच बाकावर पान खात बसला असताना गोवर्धनने खटका दाबला होता. दुपारी बाकावर ठाणेदार येऊन बसला, आणि गोवर्धन वहिनीचा फोटो काढायला गेला. फिल्म होती तिथंच.

"रामलालजी बैलात गेले, मी ठाणेदारात गेलो. माहं नशीबच वाईट, बैल तरी बरा होता."

ओटा खदखदून हसला. कुणी दुधरामच्या डोक्यावर शिंगं चाचपून पाहिली. रामलालजी मात्र हसले नाहीत. त्यांनी गोवर्धनला जवळ बसवलं.

"सच बोल बेटा. एका माणसाच्या इमानाचा सवाल आहे."

गोवर्धनला सकाळचा खटका आठवेना. पण आपल्याला चावीही कधी आठवत नाही, असं त्याच्या मनात आलं. अंगठा आठवला, मास्तरांचं पोट आठवलं.

"मीच चुकलो," तो म्हणाला. "मले हा डब्बा चालवता येत नाही. माह्यापायी दोस्ताले डाग लावू नका."

आजपासून कॅमेरा बंद, असंही त्याने सांगून टाकलं. दुधरामने त्याला मिठी मारली. रामलालजींनी बैलाचा फोटो भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला. आठवण म्हणून ठेव, म्हणाले.

घरी रुख्माने एकदाच विचारलं.

"भाऊजी, खात्री हाय ना? तुमचा भाऊ होय तो."

"माही चूक होय वयनी. दुधराम नाही चुकत."

सकाळी घोंगडीची गाठ मारता मारता तिने दुधरामला जागा सांगितली. त्याने ती एकदा पुटपुटून पाठ केली, वहिनीच्या पाया पडला, आणि जंगलाच्या वाटेवरच्या देवरीकडे जाणाऱ्या गाडीत चढला.

काढला नाही: दुधरामचा, निघताना.

दुपारी घरात रुख्मा झोपली होती. कित्येक दिवसांनी तिला अशी झोप लागली होती. गोवर्धन अंगणात बाजेवर बसून कॅमेरा फडक्यात बांधत होता. बांधण्याआधी शेवटचं हसून घ्यावं म्हणून त्याने दोन्ही फोटो उन्हात शेजारी शेजारी ठेवले.

रामलालजींच्या कोटातून बैलाच्या बरगड्या दिसत होत्या. त्याला पुन्हा हसू आलं.

मग त्याने दुसरा फोटो डोळ्यांजवळ घेतला आणि दुधरामच्या अंगातून बाक कुठे दिसतो ते शोधू लागला. बाक कुठूनच दिसेना.

ठाणेदाराच्या बोटांखाली दुधरामच्या सदऱ्याला चुण्या पडल्या होत्या.